धुळ्याला गेलेली फ्लॉपी

सर,

तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्या दारावर बसायला, घरच्यांच्या सांत्वनाला, आले नाही. जळगावातच होते, रिक्षाने दहा मिनिटं लागली असती. नाही आले. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसलेय तेही तुमच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून नव्हे, हे आधीच सांगते.

आपल्या समाजाचा वधू-वर मेळावा धुळ्याला होता आणि मुलामुलींच्या माहितीचं पुस्तक पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर करायचं ठरलं. काम तुमच्या क्लासकडे आलं, कारण समाजात सी ही कॉम्प्युटरची भाषा येणारे तुम्ही एकटेच. निदान तुमचं म्हणणं तसं होतं. मी तुमच्याकडेच शिकले, तुमच्याकडेच नोकरीला लागले. तुम्ही तुमचं सीचं पुस्तक मला दिलं होतंत, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. तेवढं चांगलं केलंत, नाही म्हणत नाही. नाव, वय, गाव, मामेकूळ, उंची, असं एकेकाच्या माहितीचं मिळून एक स्ट्रक्चर. मी म्हटलं, सर, प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीवर, साध्या अक्षरांत फाइलमध्ये लिहू या, म्हणजे कुठल्याही मशीनवर उघडली तरी वाचता येईल. तुम्ही माझा प्रिंटआउट अख्ख्या बॅचसमोर उंच धरलात. "बाई, ही फाइल मशीन वाचणार आहे, तुझी आत्या नाही!" सगळे फिदीफिदी हसले. मग तुम्ही स्ट्रक्चर मेमरीत जसं पडलं होतं तसंच्या तसं उचलून प्रोग्रॅमच्या एका ओळीत फ्लॉपीवर ओतलंत आणि म्हणालात, "याला म्हणतात सी." अंगाचा नुसता तिळपापड झाला होता माझ्या.

आता धुळ्याचा छापखाना. समाजाच्या मंडळाची चार वडीलधारी माणसं खुर्च्या टाकून बसलीत, त्यांत माझे वडील, नाना; मी मागे उभी. तुम्ही तिथल्या मशीनवर तुमचा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करता, फ्लॉपी घालता, पहिलं पान प्रिंटरमधून करकरत बाहेर येतं. पहिली नोंद माझी. नानांनी माझा फॉर्म सगळ्यांच्या आधी दिला होता. वय तेवीसच्या जागी पाच हजार आठशे अठ्ठ्याऐंशी. पुढच्या नोंदींची नावंच कोरी, गावांच्या जागी कचरा. कारण एवढंसं होतं. आपल्या क्लासमधला कंपायलर, प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारा, नाव आणि वय यांच्यामध्ये एक बाइट, म्हणजे एका अक्षराचं घर, रिकामा सोडत होता. वेग वाढावा म्हणून ती सेटिंग तुम्हीच केलेली. धुळ्याचा सोडत नव्हता. त्यामुळे वाचताना सगळं एकेक घर सरकत गेलं. एक म्हातारबाबा कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "भाऊ, हाई नवरी पाच हजार वरीसनी शे का?" आणि जो हशा उठला!

तुम्ही चष्मा पुसत होतात. मान वर न करता म्हणालात, "पोरीने एंट्री चुकवली. नवीन आहे." एवढं सहज! माझ्या नानांनी उभं राहून सगळ्यांना हात जोडले, माझ्या वतीने माफी मागितली. मला म्हणाले, "चाल पोरी, घर." मेळावा हाताने लिहिलेल्या कागदांवर उरकला, तुम्ही मला काढून टाकलंत आणि पुढे दोन वर्षं जळगावात कुणी मला कीबोर्डला हात लावू दिला नाही. नाना गेले तेसुद्धा आपली मुलगी चुकली असं समजून.

मी सोडलं नाही तुम्हाला. पुढे माझा क्लास काढला आणि दर बॅचला फाइलचा धडा आला की तुमची नक्कल करायचे: तो चष्मा, तो "याला म्हणतात सी." नाव घ्यायची गरजच नव्हती, अर्धं जळगाव ओळखायचं. तुमचा मुलगा माझ्याकडे शिकायला आला ना, त्या दिवशी तर दुप्पट रंगवून सांगितलं. तो मान खाली घालून वहीत लिहीत राहिला. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

पण एक गोष्ट मी कुठल्याच बॅचला सांगितली नाही. फ्लॉपी निघाली त्या सकाळी मी फाइलचा आकार पाहिला होता. नोंदी जितक्या, तितकेच बाइट मी मांडलेल्या हिशेबापेक्षा जास्त भरले. मला तिथल्या तिथे कळलं: प्रत्येक नोंदीत एक रिकामा बाइट घुसलाय, धुळ्याच्या मशीनवर ती सेटिंग नसली की सगळं सरकणार. तुम्ही शेजारच्या टेबलावर चहा पीत होतात, एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, जाऊ दे, आपटू दे याला धुळ्यात, सगळ्या समाजासमोर. आणि गप्प बसले.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. पुढे नानांनी एकदाच विचारलं होतं, "पोरी, चूक तुझीच होती ना?" तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं, सर. पण मग बाकीचंही सांगावं लागलं असतं. मी हो म्हणाले.