गोरोचा स्टेशनवरचा भाग

हडपसर, पुणे
३ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णास,
धाकट्या रंजूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, इथं सगळे खुशाल आहेत. फोनवर तू दोन मिनिटांत गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवून देतोस, आणि पत्र आलं की अप्पांना बरं वाटतं. पोस्टमनकी सोडून बारा वर्षं झाली तरी तिकीट तिरकं आहे का ते बघूनच तुझ्या हातात देत असतील. यंदा सरळ लावलंय, सांग त्यांना.

तर विषय असा. आपल्या लहानपणचं ते जपानी कार्टून, गोरोच्या खानावळीचं, मला सापडलं. तेच हिंदीतलं, सगळेच्या सगळे बावन्न भाग. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि राजेश्वरीनं बसून बघून काढले. तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की जळकोटात मी आणि तुझा मामा शाळेतनं आलो की दप्तर फेकून टीव्हीपुढं बसायचो, आणि आतल्या खोलीत आजारी असलेली तुझी आज्जी, म्हणजे आमची अव्वासुद्धा हसायची.

अण्णा, लई निराशा झाली रे. गोरो काहीतरी खूळ काढतो, खानावळीचं छप्पर उडतं, बायको कढई घेऊन मागं लागते, की संपलं. दुसऱ्या दिवशी छप्पर जागेवर. कुणी शहाणं होत नाही, कुणाला कालचं आठवत नाही. त्याची पोरगी बावन्न भाग दुसरीतच बसलेली. शेवट म्हणशील तर नाहीतच, नुसतं थांबतं. माझी सात वर्षांची लेक म्हणाली, "आई, यात काहीच होत नाही." मला इतकं लागलं ते, जसं काही मीच लिहिलं होतं. मला तर आठवतंय, प्रत्येक भागाला कसा भरगच्च शेवट असायचा. कुणीतरी परत यायचं, काहीतरी हरवलेलं सापडायचं.

आता मुख्य काम. स्टेशनवरचा भाग यात नाही. गोरो गाडीत झोपतो, भलत्याच स्टेशनवर उतरतो, माकडं स्टेशनमास्तरची टोपी पळवतात आणि गोरो त्यांना शेवया खाऊ घालून टोपी सोडवतो, तो. बावन्न भाग दोनदा बघितले. मी का शोधतेय तुला माहीत आहे. अव्वा गेली तेव्हा मी अकरा वर्षांची. तिचा आवाज मला आठवत नाही, खरंच नाही. फक्त त्या भागाला ती आतनं हसली होती, पार खोकला लागेपर्यंत. तिचं एवढंच माझ्याजवळ उरलंय. तो कितवा भाग, तेवढं कळव.

अप्पांना नमस्कार सांग. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
रंजू


जळकोट
११ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रंजूस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तिकीट सरळ होतं, पण पिनकोडचा एक आकडा पुसट हाय म्हणून अप्पांनी खुसपट काढलंच. त्यांची तब्येत बरी हाय. सकाळी चौकापर्यंत फिरून येतात आणि आल्यावर माझ्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना शिकवतात.

आधी भांडण, मग बाकीचं. तू म्हणतीस त्यात काहीच होत न्हाय. अगं बाई, तीच तर त्याची गंमत. मी दिवसभर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग बांधतो. बांधून दिलेली मोटार महिन्याभरात परत येती, माणूस तोच, तक्रार तीच. त्याला शहाणपण शिकवत बसलो तर दोघांचाबी दिवस वाया. चहा पाजायचा आणि परत बांधायची. गोरो मला तसाच वाटतो. आणि त्या वर्षी आपल्या घरात काय चाललं होतं ते आठव. अव्वाला सोलापूरला न्यायचं, आणायचं, दर खेपेला ती आणखी हलकी झालेली. असल्या दिवसांत एक घर असं होतं, की संध्याकाळी कितीबी मोडू दे, दुसऱ्या दिवशी धड. तुझ्या लेकीला ते कंटाळवाणं वाटतंय, ही लई चांगली गोष्ट हाय. तिला त्याची गरज न्हाय.

आता कबुली. रागावू नको. शेवट म्या बी बघितलेले न्हायत. सव्वासहाला भाग रंगात आला की आपली लाईट जायची, आठवतंय? बरं, जायची आपलीच. समोर नागम्माकाकूच्या खिडकीत उजेड असायचा. आपण बोंबललो की अप्पा म्हणायचे, त्यांचा फेज वेगळा हाय. तू रडायला लागायचीस, मग मी थाप मारायचो, की वर्गातल्या पोरानं तुळजापूरला हा भाग आधीच बघितलाय, पुढचं मला माहीत हाय. असलं कुणी पोरगंच न्हवतं. तोंडाला येईल ते सांगत होतो. अव्वा गेल्यावर वर्षभर टीव्ही लावलाच न्हाय, आणि परत लावला तवर ते कार्टून बंद पडलेलं.

तुझा स्टेशनवरचा भागबी माझाच. गोरो गाडीत झोपला आणि लाईट गेली. पुढचं स्टेशन येडशीचं. अव्वा धडधाकट असताना आपण रामलिंगच्या देवळाला गेलो होतो, तू कडेवर होतीस. येडशीला गाडीची वाट बघताना माकडानं अप्पांची टोपी पळवली आणि अव्वानं पदरातल्या शेंगा टाकून ती सोडवली. तेच म्या गोरोच्या गळ्यात घातलं.

हसण्याचं खरं सांगू? मला आठवत न्हाय. खोलीकडं माझी पाठ असायची आणि पुढं काय सांगायचं या काळजीत दुसरं काही ऐकू यायचं न्हाय. शपथ घेऊन हो म्हणता येत न्हाय, आणि तुला आणखी एक थाप मारायची न्हाय. अप्पांना विचारलं, तर उठून अंगणात गेले.

राजेश्वरीला गोड पापा. मनात राग धरू नको, धरलाच तर पत्रात लिहून मोकळी हो.

तुझा,
अण्णा


हडपसर
१८ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

राग धरलाय. लिहून मोकळी होतेय.

तुझं पत्र वाचून परत एकतिसावा भाग लावला. गोरो गाडीत झोपतो तो हाच. त्याला जाग येते, तो स्वतःच्याच स्टेशनवर उतरतो, घरी जातो, जेवतो. संपलं. एवढंच आहे त्यात! मग राजेश्वरीला तुझा शेवट सांगितला. माकडांपर्यंत आले तर पोरगी गादीवर गडाबडा लोळायला लागली, आणि आता रोज संध्याकाळी तोच भाग लाव म्हणते. म्हणजे भांडण तू हरलास. शेवट नसले तरी चालतं म्हणतोस, मग रोज रचत कशाला होतास? शेवट तुलाही हवेच होते, माझ्याहून जास्त.

आणि चौदा वर्षांच्या पोरानं ते केलं, याचं मला लई कौतुक वाटतंय. पण माझं काय, अण्णा? वीस वर्षं मी ते हसणं जपून ठेवलंय. बाळंतपणात, आजारपणात, एकटी असताना तेच काढून ऐकलंय. आता भागच खोटा निघाला, तर हसणंही मीच रचलं असेल का? रचायची खोड तर आपल्या घरातच दिसतेय. तुला आठवत नाही म्हणालास, हे खरं बोललास ते बरंच केलंस. पण दोन रात्री झोप नाही.

अप्पांना त्रास देऊ नकोस. पुन्हा विचारू नकोस.

रागावलेली पण तुझीच,
रंजू


जळकोट
२५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शिवरंजनीस,
अप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र महांतेशनं, तुझ्या अण्णानं, वाचून दाखवलं. चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, पण स्वतः लिहायची सवय न्हाय, तरी हे माझं मीच लिहितोय. अक्षर हलतंय, संभाळून घे.

पोरी, तेव्हा लाईट जात न्हवती. मी घालवत होतो.

तुझ्या अव्वाचा पलंग आतल्या भिंतीला होता. तिथनं टीव्ही दिसायचा न्हाय, आणि कानडी बोलणाऱ्या बाईला त्यातली हिंदी कुठली कळायला. एकदा खरोखरच लाईट गेली आणि महांतेश अंधारात तुला गोष्ट सांगायला लागला. मी आत गेलो तर ही उशीवर मान वळवून ऐकत होती. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर जरा तेज दिसलं. दुसऱ्या दिवशी भाग सुरू झाला आणि तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. म्हणाली, "आज बी लाईट घालवा की."

तिनं माझ्याकडं जन्मात मागितलं ते लई थोडं. मी गुपचूप जाऊन मीटरखालचा फ्यूज काढला. मग रोजचंच झालं. फेजचं मीच ठोकून दिलं. महांतेश आज गावाच्या मोटारी बांधतो, पण त्या फेजवर त्याचा अजून विश्वास हाय, हे ऐकून मला हसावं का रडावं कळेना. तुमचा खेळ रोज मोडला, तू रडायचीस, त्याची लाज वाटायची. म्हणून वीस वर्षं बोललो न्हाय. त्या दिवशी अंगणात गेलो तो त्याच्यामुळंच.

आता तुझं. माकडानं टोपी पळवली म्हटल्याबरोबर तिनं ओळखलं, की टोपी माझी. माझ्याकडं बोट केलं आणि हसायला लागली. तिला खोकला लागला म्हणून मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर तो बाजूला सारून म्हणाली, "थांबा, पुढचं ऐकू द्या."

तू काही रचलेलं न्हाय. ती हसली होती. मी दुसऱ्या हातात फ्यूज धरून तिच्या उशाशी उभा होतो.

तुझा,
अप्पा