गुरुजींनी वाढवलेली दोन वर्षं

गुरुजी, इथल्या सरकारच्या लेखी मी या एक जूनला पन्नास वर्षांची झाले. खरी मी अठ्ठेचाळीसची. मधली दोन वर्षं तुमची आहेत, म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. माझ्या या गोष्टीवर पोट धरून हसले असते असे दुसरे म्हणजे आमचे हे, तेही चार वर्षांपूर्वी गेले.

झालं असं की माझं ग्रीन कार्ड संपत आलं. इथे कायमचं राहता येतं त्याचं ते कार्ड, दर दहा वर्षांनी नवं करावं लागतं. मागच्या खेपेला सगळं यांनीच केलं होतं. फॉर्म म्हटला की घरात यांचंच राज्य. "पुढच्या वेळी कार्ड नको, सरळ सिटिझनशिप घेऊ, दोघं बरोबर शपथ घेऊ," असं म्हणायचे. या वेळी पिस्कॅटवे गावातल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर मी एकटीच सिटिझनशिपचा फॉर्म भरायला बसले. 'विवाहित' आणि 'विधवा' असे दोन चौकोन शेजारीशेजारी होते. मी बरोबर चौकोनात खूण केली आणि उठून चहा टाकला.

लेक शनिवारी कॉलेजातून घरी आली, सोबत आठवड्याचे धुवायचे कपडे. तिने नियम वाचले आणि टाळीच वाजवली. "आई, यू आर सो लकी! पन्नास वर्षं वय आणि ग्रीन कार्डावर वीस वर्षं झाली असली की इंग्लिश टेस्ट माफ. इथल्या इतिहासाचे, कारभाराचे प्रश्न असतात ते मराठीत विचारणार, इंटरप्रिटर घेऊन जायचा. डन!"

"पण मी पन्नासची नाही."

"पासपोर्टवर आहेस ना? लीगली यू आर फिफ्टी."

आता तिला कसं सांगू? ही काय भानगड आहे ते तुम्हाला आणि मलाच ठाऊक.

मी चार वर्षांची आहे. थोरल्या बहिणीच्या मागे मागे रोज शाळेत येते, तुम्ही रोज हाकलता आणि मी खिडकीला लटकते. शेवटी एक दिवस तुम्ही मला आत बोलावता. "डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धर बघू." कान हाताला लागला तर मूल सहा वर्षांचं, असा तेव्हाचा दाखला. माझी बोटं कशीबशी भांगापर्यंत पोचतात. पोरं हसतात. तुम्ही जवळ येता, माझी मान हळूच एका बाजूला वाकवता, आणि कान माझ्या चिमटीत येतो. "लागला की! सहा पूर्ण," म्हणून तुम्ही रजिस्टरात एक जून लिहिता. वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस तोच होता.

त्या दोन वर्षांनी मला शाळेत घेतलं, आणि त्यांनीच लवकर बोहल्यावरही चढवलं. सातवीनंतर वडिलांनी तुमचाच दाखला पुढे करून, पोर मोठी झाली, आता शाळा पुरे, म्हणून सांगितलं. त्याचा राग मी पुष्कळ वर्षं धरला. मग नवरा चांगला निघाला आणि राग कुठे गेला कळलं नाही. इथे आल्यावर लेकीसाठी लायब्ररीतून आणलेली चित्रांची पुस्तकं आधी मीच वाचायची. ती झोपली की दुसऱ्यांदा वाचायची. आता जाडजूड पुस्तकं वाचते, अडलेला शब्द पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवते. बोलताना मात्र अजून जीभ अडखळते. ज्या शाळेच्या कँटीनमध्ये काम करते तिथली मुलं मला समजून घेतात. सरकारी साहेब घेईल याची काय खात्री?

"फेल झालीस तर आणखी एकच चान्स मिळतो, आई. मग परत सगळं पहिल्यापासून. आणि कार्ड तर एक्स्पायर होतंय. व्हाय रिस्क इट?"

तिचं खोटं नव्हतं. दोन रात्री मी विचार केला. आणि मला तिसरीतली गणिताची परीक्षा आठवली. शेजारणीच्या पाटीवरचं उत्तर मी उतरवलं होतं, बरोबरही होतं. तुम्ही पाटी हातात घेतलीत, माझ्याकडे पाहिलंत आणि फडक्याने पुसून परत दिलीत. "कोरी दाखवलीस तरी चालेल. दुसरीची दाखवू नकोस." मारलं असतंत तर बरं, असं वाटलं होतं.

शाळेत जाता यावं म्हणून तुम्ही दिलेली वर्षं मी परीक्षा चुकवायला कशी वापरू? लेकीला म्हटलं, "इंग्रजीतच देते." ती म्हणाली, "यू आर क्रेझी." आणि महिनाभर फोनवर रोज माझी उजळणी घेतली.

इंटरव्ह्यूला साहेब माझ्याच वयाचा होता. खऱ्या की कागदावरच्या, देव जाणे. उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ घेतली. लगेच त्याने जन्मतारीख विचारली! माझे कान तापले. पासपोर्टवरची तारीख सांगितली. तिच्याखेरीज दुसरी तारीख मला कुठे माहीत आहे? आईला एवढंच आठवायचं की गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. पुढचे प्रश्न सोपे गेले. एकाचं उत्तर येईना, तर सरळ "आय डोन्ट नो" म्हणाले. एक वाक्य वाचलं, एक लिहिलं. लिहिण्यात एक अक्षर राहिलं, ते बाहेर आल्यावर ध्यानात आलं.

कागद आवरताना तो म्हणाला, "तुम्हाला हे इंग्रजीत द्यायची गरज नव्हती. ठाऊक होतं ना?"

"येस."

"मग?"

सगळं सांगण्याएवढं इंग्रजी त्या क्षणी जमेना. म्हटलं, "माय टीचर वॉज व्हेरी स्ट्रिक्ट." तो हसला आणि पास झाल्याचा कागद पुढे सरकवला. पार्किंगमध्ये लेकीने मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं.

पुढच्या महिन्यात शपथ आहे. शेजारची खुर्ची रिकामी नको म्हणून लेक क्लास बुडवून येणार आहे. हे पत्र कुठल्याच टपालात पडायचं नाही, म्हणून एक कबूल करून टाकते, गुरुजी. परीक्षेला तुमची दोन वर्षं नाही वापरली. पण इथे वयावर पेन्शन मिळते, आणि ती मी कागदावरच्या वयाने, दोन वर्षं आधीच घेणार आहे.