सायकलीचा मूळ रंग

१८ जानेवारी, रविवार

सकाळी बुद्धवंदना झाली आणि चहाही न घेता बाबांची सायकल अंगणात उलटी केली. चाकं काढली, चेन डिझेलमध्ये टाकली. फ्रेम पॉलिश पेपरनं घासत बसलो. गंजाखाली काळा रंग निघाला, काळ्याखाली हिरवा. हिरवी होती! साफ विसरलो होतो.

याच दांडीवर टॉवेल गुंडाळून बाबा मला बसवायचे. चुडाव्याला शाळेत सोडायचे आणि तसेच पुढं रुळावर — गँगमनची ड्यूटी. चढ लागला की त्रिशरण सुरू — बुद्धं सरणं गच्छामि. पायडलला एक शब्द. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत चढ संपलेला असायचा. त्यांच्या छातीचा भाता माझ्या पाठीला लागायचा. त्रिशरण मी पाठीनंच शिकलो म्हणायचं. आज त्याच शाळेत क्लार्क आहे.

रोहिणी म्हणाली, "अहो, भंगारात द्यायची सोडून नटवायलाव काय तिला?" म्हणाली, आणि पुसायला जुन्या लुगड्याचा तुकडाही आणून दिला.

बाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत. मला ते साहेब म्हणतात. पण भिंतीला टेकलेली सायकल रोज चाचपतात, मग शांत बसतात. पहिल्या रंगात बघून किती खुलतील!

२० जानेवारी

रेड ऑक्साईडचा हात दिला. थंडीनं वाळेना. फ्रेम लिंबाला तारेनं टांगलीय.

"साहेब, माझी सायकल?"

"रंगवायलोय बाबा."

घटकेनं पुन्हा तेच.

२२ जानेवारी

पूर्णेला गेलो. रंगाचा पोपडा कागदात बांधून नेला होता. दुकानदारानं दोन डबे मिसळून अगदी तसाच हिरवा करून दिला.

२५ जानेवारी, रविवार

सायकल जोडली. शेजारचा भुजंग कुंपणावरून ओरडला, "सिद्धोधनराव, नवरी सजवली की! वरात कवा?" मीही हसलो.

बाबांना हात धरून आणलं. त्यांचा हात दांडीवर ठेवला. बोटं फिरली, थांबली. मग त्यांनी हात धोतराला पुसला — दुसऱ्याच्या वस्तूला चुकून लागावा तसा.

"कुनाची हाय?"

"तुमचीच बाबा."

"माझी न्हाई. लय चांगली हाय. पर माझी न्हाई."

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो तर बाबा घरामागं, कडब्याच्या गंजीत सायकल शोधायलेत. हात खरचटलेले. दिवसभर जेवले नाहीत.

काय करून बसलो मी!

२७ जानेवारी

आजही अर्धीच भाकर.

रोहिणी म्हणते, "दुरुस्तीला टाकली म्हना. तेवढंच पोटभर जेवतील." भुजंग म्हणतो, "चोरीला गेली म्हना, मोकळं व्हा." दोघंही मायेनंच सांगतात. पण रोज पहाटे पंचशील म्हणायचं आणि उजाडल्यावर बापाशी खोटं बोलायचं — चौथ्या शीलावर जीभ अडते.

पॉलिश पेपर पुन्हा हातात घेतला. हँडलखाली बोटभर रंग घासलाही. पण तो गंज कुठून आणू? बाबांच्या बोटांना तोच ओळखीचा होता.

२८ जानेवारी

आज पहिल्यांदा त्यांचं वाक्य शेवटापर्यंत ऐकलं. रोज "माझी सायकल" एवढं ऐकलं की मी उत्तर द्यायला लागायचो. ते पुढं पुटपुटतात — "सिदूला शाळंत सोडायचंय. पोराला उशीर व्हायलाय."

सिदू! ही हाक ऐकून किती दिवस झाले.

रोहिणीला सांगितलं, सायकल मी वापरणार. रोज. ती म्हणाली, "गुडघे?" म्हटलं, बघू.

२९ जानेवारी, गुरुवार

मोटारसायकल घरीच ठेवली. कॅरिअरला डबा अडकवला, हिरवी सायकल बाबांसमोर उभी केली. पाया पडलो.

"बाबा, शाळेत निघालो. सायकल चालवत."

त्यांनी आधी डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुला आली का चालवाया?"

"आली बाबा."

"मंग जाय. सिदू — उताराला बिरेक धर."

आणि आत वळून रोहिणीला भाकर मागितली.

चढ आला तसं त्रिशरण तोंडात आलं. तीनदा म्हणून झालं तरी चढ उरलाच. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.