नळीचं तोंड

२८ सप्टेंबर, रविवार

नेमबाजीच्या क्लबातून आत्ताच आलो. चहा नको म्हटलं. मन विटलंय.

नातीचे छर्रे आजही वर, उजवीकडं. सगळेच तिकडं गेले असते तर रायफलीच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या खुणेचा, स्क्रू फिरवून मधात आणले असते. फिरवून पाहिला. एक छर्रा जागेवर बसला, दुसरा पुन्हा पळाला. रुपयाएवढ्या जागेत यायचे ते पुरीएवढ्या जागेत पसरले. क्लबाच्या सरांनी निशाणाचा कागद घेतला, गुण जोडले, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "रेणू, तुझा हात हालून राहिला. घरी पाण्याचा गडवा धरून उभी राहत जा."

पोरगी रोज सकाळी अंगणात गडवा धरून उभी असते. थेंब सांडत नाही. पण हे सांगितलं की आजोबाचे लाड.

बसमध्ये वैनगंगेचा पूल आला तेव्हा म्हणाली, "आबाजी, मी आता खाली डावीकडंच नेम धरून राहिली. मंग कधी कधी मधात लागते."

मुद्दाम चुकीकडं पाहायचं, म्हणजे बरोबर लागेल. ही कुठली शिकवण?

३० सप्टेंबर, मंगळवार

मुलानं आज सरळ सांगून टाकलं. १२ तारखेला जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. नाव आलं तर ठीक, नाही तर क्लब बंद. बारावी आहे तिची. सुनेनं पोळ्या जोरजोरात लाटल्या.

मी म्हणालो, आधी क्लबाच्या रायफलीची नळी पाहू द्या. तो हसला. "बाबा, हात पोरीचा आन् दोष लोखंडाचा?"

असतो बाबा लोखंडाचाही.

दुपारभर मोबाइलवर तेच पाहत बसलो. इंग्रजी समजत नाही, चित्र समजतं. छर्रा शिशाचा, मऊ. दाबलेल्या हवेनं सुटतो, नळीच्या आतल्या पिळानं फिरत येतो. नळीचं तोंड सोडताना शेवटची कड सगळीकडून सारखी पाहिजे. एका बाजूला चरा असला की हवा तिथूनच आधी फसकन निघते आणि छर्र्याला मागून तिरकं ढकलून देते. गडव्याची कड चेपली की धार वाकडी पडते, तेच हे.

२ ऑक्टोबर, दसरा

क्लबात शस्त्रपूजा. रेणूनं रांगोळी काढली, सुंदर काढली. टेबलावर लाल कापड, त्यावर सगळ्या रायफली. सरांनी हळदकुंकू लावलं, पाणी शिंपडलं. मग बादलीतली झेंडूची फुलं काढली आणि एकेक देठ नळीच्या तोंडात खोचला. ओला देठ. थेंब गळताना मी पाहिला.

विचारलं, हे कधी काढता? दुसऱ्या दिवशी, म्हणाले. रात्रभर देव बसतो. आणि आत कुंकू राहिलं तर? कोपऱ्यातली लोखंडी सळई दाखवली. टोकाला चिंधी बांधायची, तोंडातून आत घालायची, घासायचं. दर दसऱ्याला.

सोनं वाटलं, सगळ्यांच्या पाया पडणं झालं, पेढा खाल्ला. पेढा कडू लागला. इतकी वर्षं ओलावा, कुंकू, वरून लोखंडानं खरडणं, आणि बोल कोणाला, तर पोरीच्या हाताला. शिसारी आली. त्यातही सरांची श्रद्धा खरी, डोळे मिटून उभे होते. त्यामुळं धड चिडताही येईना. गरम घास तोंडात, गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही, तसा घरी आलो.

५ ऑक्टोबर, रविवार

खिशात कान कोरायच्या कापसाच्या काड्या घेऊन गेलो. सर आले नव्हते. रेणूच्या रायफलीच्या तोंडावरून काडी हळूच फिरवली. फिरता फिरता एका जागी कापूस अडकला. तंतू ओढले गेले, कडेला चिकटून राहिले. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथंच. काडीच्या टोकाला तांबडं लागलं. गंज की कुंकू, दोन्ही असेल. मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं तर माता निघून गेलेल्या तोंडावर असतात तसे खड्डे. पाहावेना.

अवनी तिथंच होती. रेणूची मैत्रीण, स्वतःची रायफल असलेली एकटीच. तिला म्हटलं, बाई, तू मार हिच्या रायफलीनं. धानाच्या कोंड्याची पिशवी रायफलीखाली टेकायला दिली, म्हणजे हाताचा प्रश्नच नको. अवनीचेही छर्रे पसरले. "आबाजी, हे तं चाळणी झाली," म्हणाली. दोघी हसल्या. रेणू किती दिवसांनी हसली.

सर आल्यावर काडी दाखवली. सौम्य शब्दांतच बोललो, देवाशपथ. त्यांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "आबाजी, आता पूजेतबी खोट काढता का तुमी?"

पूजेत नाही हो. देठात. पण ते ऐकायला थांबले नाहीत.

नळी लेथवर नेऊन तोंड तासून आणू का, निघताना पुन्हा गाठून विचारलं. क्लबाची वस्तू आहे, म्हणाले, निवडीआधी कोणी हात लावायचा नाही. ठीक.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मुद्दाम गेलो. अवनीनं स्वतःची रायफल दिली. चांगलं घर, चांगले संस्कार. वाटलं, आज सुटलो.

रेणूनं मारलं. सगळे खाली डावीकडं. मधात एकही नाही.

सर मागे उभे होते. गुण जोडले आणि कागद माझ्या हातात दिला. "पाहा. नवी रायफल, तेच गुण. आता कोणाच्या नळीले नावं ठेवता?"

रेणूचे कान लाल झाले.

मी कागद उन्हाकडं धरला. छर्रे एकावर एक. चार-पाच मिळून एकच भोक, त्यातून माझी करंगळी कशीबशी गेली. हात हालणाऱ्या माणसाचे छर्रे असे पडतात? हात खांबासारखा आहे. फक्त पोरगी तिथं पाहून राहिली, जिथं त्या सडक्या नळीनं तिला पाहायला लावलं. सरांना सांगितलं. म्हणाले, गुण मधात मिळतात, भोकाले मिळत नाहीत.

खरंच आहे ते. म्हणून जास्त राग येतो.

एवढं मात्र कबूल केलं की निवडीला अवनीची रायफल वापरली तर त्यांची हरकत नाही. आणि रेणूला म्हणाले, "पाणी घेऊन ये बाटलीत. मागच्या खेपी चक्कर आली होती तुले." माणूस वाईट नाही. वाईट असता तर काम सोपं होतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

मुलानं आपणहून बसची वेळ विचारून आणली. जेवताना पोरीच्या ताटात तूप वाढलं.

साइटचा स्क्रू फिरवून तिच्या खोडीला जुळवून घ्यावं का, हाही विचार आला. अवनीच्याच रायफलीवर अवनीही मारणार उद्या, मधे मधे किती फिरवणार. आणि मन घेईना. सरळ नळीला वाकडी करायची, का? तर पोरगी वाकडी शिकली म्हणून?

१२ ऑक्टोबर, रविवार

आमच्या करडीच्या स्टँडवर बसून लिहितो आहे. बस यायची आहे. धुकं आहे थोडं.

निघण्याआधी अंगणात गडवा धरून उभी राहिली होती. थेंब नाही सांडला. मग गडवा खाली ठेवला आणि विचारलं, "आबाजी, आता मधातच पाहू ना?"

"मधातच पाह्य, माय."

"आन् मधात नाही लागलं तं?"

"तरी मधातच."

मान हलवली. रायफल खांद्याला लावल्यासारखे रिकामे हात उचलले, समोर तुळशीच्या कट्ट्यावर नेम धरला. श्वास सोडला. हात स्थिर, अगदी स्थिर. आणि मग हळूच, तिला न कळता, हात दोन बोटं खाली गेले. डावीकडं.

मी पाहिलं. तिची पाण्याची बाटली भरून दिली.

आता शेजारी बसली आहे, पाण्याची बाटली मांडीवर. पुलाकडून बसचा आवाज येतो आहे.