मोसवांगच्या माउलीची कृपावही

३ मे १६५८
मोसवांगला पोहोचलो. बव्हेरियातल्या मारिया माउलीच्या सगळ्या तीर्थस्थानांचं पुस्तक रचायचं काम मठाने मला दिलंय, हे एकतिसावं स्थान. इथल्या फादर विलिबाल्डनी दारातच मिठी मारली. जवाचं सूप, काळा पाव, गावची बिअर. जेवण आटोपताच त्यांनी कृपावही समोर ठेवली. दोनशे चौदा चमत्कार, तारीखवार, एक खाडाखोड नाही. इतकी टापटीप मी कुठे पाहिली नाही.

५ मे
साक्षीदार भेटल्याशिवाय मी चमत्कार लिहीत नाही. पांगळा तांबट झेवेरिन धडधाकट चालतो. बहिरी विणकरीण ऐकते. सगळं खरं. प्रकरण लिहून टाकलं. फक्त झेवेरिन बोलताना माझ्या पायांकडे बघत होता, आणि विणकरीण मान खाली घालून होती.

६ मे
सहज दफनाची वही चाळली. एक टीप : पुस्तकं विकणारा वाटसरू, झेवेरिन बरा झाला त्याच दिवशी पाय लुळे पडून इथेच राहिला, तीन आठवड्यांनी वारला. विणकरीण बरी झाली त्या दिवशी एक फिरता साधू बहिरा झाला. पुढेही तसंच. दर वेळी परगावचा माणूस.
विलिबाल्डना विचारलं. त्यांनी पाव मोडत शांतपणे सांगितलं, “पाहुणा आला की माउली पावते. तुमचं पुस्तक निघालं की पाहुण्यांना काय तोटा?”

८ मे
उद्याच निघणार. कृपावहीत नवी ओळ आहे, शाई वाळलेली : ‘१० मे. गिरणीवाल्याची बायको अफ्रा, जन्मांध, तिला दिसू लागलं.’
आज आठ तारीख.

९ मे
पायी निघालो. पुलावर अख्खं गाव उभं, हातात जपमाळा. कुणी अंगाला हात लावला नाही. स्तोत्रं गात, चहूबाजूंनी वेढून मागे आणलं. माझं बाड उद्या छापखान्याकडे पाठवतो, असं विलिबाल्ड म्हणतात.

१० मे
लख्ख ऊन पडलंय म्हणतात. मला धुकं. ओळी एकमेकींवर चढतायत बहुधा—
अफ्रा आली. रडतेय. म्हणाली, “मला नको होतं, फादर. मला कुणी विचारलंच नाही.”
तिच्या हातात बाड दिलं. मोसवांगचं पान तेवढं फाड म्हटलं, लवकर, ते बाड न्यायला यायच्या आत—
पानं उलटल्याचा आवाज. मग थांबला.
म्हणते, “मला अक्षर कुठे येतं, फादर? यातलं कुठलं—”
जिन्यावर पावलं. मी पानं चाचपडतोय, हे नव्हे, हे जाड, हे