इंदापूरच्या पोरीला आणण्याआधी

काकी, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. आज शाळेतून आल्यावर चहासुद्धा न घेता मी तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण मी घाबरले आहे. उद्या सकाळच्या एस.टी.नं बारामतीहून इंदापूरला जायचं आहे, एका आठ वर्षांच्या पोरीला घरी आणायला. तिचे आईबाप दोन्ही गेले. आजोबा आहेत, पण त्यांना आता दिसत नाही. आमचे हे वांगी-मिरच्यांचं माळवं घेऊन तिकडच्या बाजाराला जातात, तिथली ही ओळख. "दत्तक न्हाय द्यायची मला," आजोबांनी आधीच सांगून टाकलं. "नाव आमचंच ऱ्हाऊ द्या. तुमी फकस्त वाढवा." आम्हाला मूल नाही, त्यामुळं आम्ही लगेच हो म्हटलं. तेव्हा भीती वाटली नव्हती. वर्गात चाळीस मुली माझ्या नुसत्या बघण्यानं गप्प होतात, आणि एकीला घरी ठेवायचं म्हटल्यावर मला रात्रभर झोप येत नाही.

पणदऱ्याच्या तुमच्या स्वयंपाकघरात मी पोरकी होऊन आले तेव्हा सहा वर्षांची होते. तूप वाढताना तुम्ही माझ्या आणि तुमच्या तिन्ही पोरांच्या भाकरीवर अगदी सारखं वाढायचात, जरा कमी वाटलं तर माझ्याच भाकरीवर आणखी थोडं. त्या तिघांना तुम्ही फुकणीनं बडवायचात. मला कधी बोटही लावलं नाहीत, आणि सगळ्या आळीला त्याचं केवढं कौतुक! एकदा मी दुधाचं भांडं मुद्दाम लवंडलं. दूध चुलीकडे पसरत चाललं आहे, तुम्ही हात उगारला आहे, मी डोळे गच्च मिटून वाट बघते आहे, आणि काहीच होत नाही. "तुला मारलं तर गाव म्हणंल, दिराची पोर म्हणून मारती," एवढं बोलून तुम्ही फडकं घेतलंत. मी गोठ्यात जाऊन रडले. तुमच्या हातचा एक मार हवा होता मला, हे त्या वयात कुणाला आणि कसं सांगायचं?

आता नेमकी तीच भीती वाटते. मी तिचे हाल करीन असं नाही. मी तिच्याशी चांगली वागेन, फार चांगली, मोजूनमापून, आणि तिला ते कळेल.

सुरुवात तर चुकलीच आहे. गेल्या रविवारीच आम्ही तिला आणायला गेलो होतो. पोरीला तशीच कशी आणायची, म्हणून मी परकर-पोलकं शिवून घेतलं, कासाराकडून लहान मापाची हिरवी काकणं घेतली. तिथं पोचल्यावर तिला न्हाऊ घातलं, काकणं भरली. शेजारच्या बायकांनी हौसेनं कुंकू लावून तिची ओटी भरली. एक जण हसत म्हणाली, "चालली की गं आमची बाय!" पोरीनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "नवरा कुठं हाय?"

बायका खो खो हसल्या. काकी, मीही हसले. मग बघते तर तिची हनुवटी थरथरत होती. शेजारची थोरली मुलगी गेल्या वर्षी अशीच नटून, हिरव्या काकणांत, भरल्या ओटीनं सासरी गेली होती आणि पोरीनं ते दारातून पाहिलं होतं. आम्ही बायका सगळ्या शहाण्या, पण एकीच्याही डोक्यात हे आलं नाही. ती काकणं ओढायला लागली. हात लालभडक झाले. "फोडू नगा, अपशकुन हुईल," काकणांचा आवाज ऐकून आजोबा ओरडले. मी तेल मागून घेतलं आणि एकेक काकण तिच्या हातातून काढत बसले. "लगीन न्हाय गं तुझं," मी म्हणत होते. "माझ्यासंगं शाळंत यायचंय तुला." तिचा विश्वास कसा बसावा? शेवटचं काकण निघाल्याबरोबर ती आजोबांच्या मागं जाऊन बसली. "आज ऱ्हाऊ द्या, बाई," ते म्हणाले. "आठ दिसांनी या. मी समजावतो तिला."

ते आठ दिवस उद्या संपतात. ह्यांनी कपड्यांची दोरी खाली बांधली आहे, तिचा हात पोचावा म्हणून. सकाळपासून दोनदा माझंच डोकं तिला अडकलं, तर म्हणतात, "तुमी वाकून चाला आता." त्यांना हसू येतं, मला येत नाही. उद्या ती आली नाही तर काय, ही एक भीती. आली तर काय, ही त्याहून मोठी. ती मला काय म्हणून हाक मारील, रागावले तर कुणाच्या आठवणीनं रडेल, आणि आजोबांनी परत मागितली तर मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

हे पत्र कुणी तुम्हाला वाचून दाखवणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुम्ही गेलात तेव्हा टांगा मिळाला नाही, म्हणून मला उशीर झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. टांगा मिळाला होता. मी वेशीबाहेर ओढ्यापाशी उतरले आणि तिथंच बसून राहिले. दिराची पोर कितपत रडते ते बायका बघतील, याची मला भीती वाटली. तिथं एकटीनं पोटभर रडून घेतलं, ओढ्याच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि मग घरात आले. तुमच्या लेकीनं माझे कोरडे डोळे तेवढे पाहिले.