डाव्या पायाचा जिना

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. उठून वाकून केला असता, पण मी बसलोय तिथे छप्पर उतरतं आहे आणि उठलं की डोकं आपटतं (खात्री करून झाली आहे). तुझी तब्येत ठणठणीत असेलच. गुडघे तर तुझे पहिल्यापासून माझ्यापेक्षा धड.

भाऊजी गेल्यावर तुला इकडेच राहायला ये म्हटलं, तर तू कळवलंस की तुमच्या भरल्या घरात माझी अडगळ कशाला. ते मी मनाला लावून घेतलं आणि माळ्यावरची खरी अडगळ काढून तिथे तुझ्यासाठी खोली केली. खोली झकास झाली, खिडकीसुद्धा आहे. घोडं अडलं ते जिन्यावर.

जागा बेताची. साधा जिना लावला तर त्याचं टोक थेट गॅसपाशी यायचं. म्हणून सुताराने (त्याला आम्ही 'जमवतो' म्हणतो, कारण काहीही सांगा, तो तेवढंच बोलतो) उभा जिना केला. त्यात प्रत्येक पायरी अर्धीच असते, एक डाव्या पायापुरती, पुढची उजव्या. पहिलं पाऊल चुकलं की पुढे सगळंच चुकत जातं. त्याने विचारलं, वर राहणार कोण? मला तुझ्याबद्दल कुणी विचारायचाच अवकाश. तू डावरी, शाळेच्या पायऱ्यासुद्धा डावा पाय आधी टाकून चढायचीस, मास्तर रागावले तरी बदलली नाहीस, हे सगळं मी त्याला चहा गार होईपर्यंत ऐकवलं. तो म्हणाला, जमवतो. आणि जमवलं. पहिली पायरी डाव्या पायाची.

आमचं बाकी सगळं घर उजव्या पायाचं. तुझी भावजय पडदे लावायला चढली आणि मध्यावर पायात पाय अडकून अशी उभी राहिली, जणू फोटो काढून घेते आहे. सूनबाई फोनवर बोलत चढायला गेली, ती जिन्याला मिठी मारून तशीच बोलत राहिली (पलीकडच्या बाईला काही कळलं नाही). चिरंजीव न चढताच चिडला. सुताराला बोलावून म्हणाला, हा जिना काढ, माळ्यावर पुन्हा सामान टाकू, आत्या काही यायची नाही. सुतार शांतपणे म्हणाला, "ज्यांच्यासाठी केलाय, त्यांना आधी चढू द्या. मग काढतो." चिरंजीवाने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे.

तेव्हा जिन्यात दोष आहे, हे मला मान्य आहे. तो तुझ्याशिवाय कुणाच्याच कामाचा नाही. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे पत्र माळ्यावरून लिहितो आहे. परवा रांगत चढलो, तो इथेच अडकलो. जेवण दोरीला बांधलेल्या बादलीतून वर येतं, पत्र त्याच बादलीतून खाली जाईल (पाकीट नीट चिकटवणार आहे). मी वर आहे तोवर जिना काढता येत नाही, अशी घरच्यांची अडचण झाली आहे.

पुन्हा ता. क. : उतरता येतं. तुझ्यासारखा डावा पाय आधी टाकला की झालं. दुपारी सगळे झोपले की खाली जाऊन आंघोळ उरकतो (ती कशी होते, हे अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही). हे तुझ्यापाशीच ठेव. आणि ताई, लवकर निघ. खोली तुझी आहे, आणि मला ती आवडायला लागली आहे.